चारशे बारा क्रमांकाची यादी

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. चोवीस भोकांचा चपटा लोखंडी डबा. सध्या माझा मुक्काम रुग्णालयाच्या अडगळीच्या कपाटात, तुटक्या कीबोर्डांच्या खाली. भिंतीपलीकडे माझ्या भावंडांचे पंखे घुमत असतात आणि मी नुसता ऐकत बसतो.

संगणक एकमेकांशी बोलतात ते आमच्यातून. तारा सगळ्यांच्या त्याच, पण प्रयोगशाळेचं बोलणं औषधांच्या खिडकीला ऐकू जाता कामा नये. म्हणून जाळ्यात न दिसणाऱ्या खोल्या पाडतात. नेटवर्क सांभाळणारी आमची ताई आधी मजले चढून आम्हा प्रत्येक स्विचला खोल्या सांगायची. मग तिने रीत शिकवली. खोल्यांची यादी एकाला द्यायची, बाकीचे आपोआप उतरवून घेणार. बदल झाला की यादीचा क्रमांक एकाने वाढणार, आणि ज्याचा क्रमांक मोठा त्याची यादी खरी. खोल्यांची नावं तिनेच ठेवलेली. बाळांच्या विभागाचं नाव होतं 'चिमण्या'.

पुढे मला शिकाऊ मंडळींच्या वर्गात धाडलं. ती दिवसभर खोल्या पाडत आणि पुसत. माझा क्रमांक चारशे बारावर गेला. घरचा, म्हणजे रुग्णालयातल्या यादीचा, होता शहाण्णव. यादीत एकट्या 'चिमण्या' उरल्या, का कोण जाणे.

एके दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा भाऊ जळाला. ताई धावत आली. "चल बाबा, घरी," म्हणाली. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! घाईत ती माझ्यातली वर्गातली यादी पुसायला विसरली. मी यादी सांगितली, भावंडांनी मोठा क्रमांक पाहून डोळे झाकून मानली आणि आपल्या खोल्या पुसल्या. चिमण्या सोडून सगळे मुके झाले. ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई होती आणि तिच्या रक्ताचा अहवाल खाली प्रयोगशाळेत अडकला. परिचारिका तो कागदावर लिहून जिने चढली, म्हणून निभावलं.

ताईचे साहेब म्हणाले, "हा डबा भंगारात टाका."

"डब्याचं काय चुकलं? पुसायचं मी विसरले," ताई म्हणाली. तिने खोल्या हाताने पुन्हा मांडल्या, मला काढलं आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली, 'आधी पुसा, मग जोडा'.

ताई आता निवृत्त झाली. चिठ्ठीचा कोपरा सुटलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कामाला लावण्याआधी तिच्या पोटात काय साठलंय ते बघत जा. मला पुसलंत तर 'चिमण्या'ही जातील. ताईच्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलंय. जाऊ देत. पुसा, पण मला जोडा.