उशीची जागा

घसा बसणे

माझा घसा बसला होता. कितीतरी दिवस मी एकच वाक्य वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या लोकांपुढे म्हणत होते: पेडलं आणखी चार बोटं मागे आली पाहिजेत.

मागे म्हणजे वैमानिकाकडे. कॉकपिटमधली खुर्ची पुढे होते, मागे होते, वर जाते, खाली येते. पायाशी असलेली पेडलंही सरकतात, पण एका हद्दीपर्यंतच. ज्यांचे पाय त्या हद्दीच्या अलीकडे संपतात, त्यांनी काय करायचं?

"उशी घ्यायची पाठीमागे," वजनकाका म्हणाले.

वजनकाका आमच्या नव्या विमानाच्या वजनाचे राखणदार. कुठे एक जादा स्क्रू लागला तर त्यांना घरी झोपेत ठसका लागतो, असं सगळे म्हणतात. मी पेडलांसाठी लांब रूळ आणि छोटी मोटर काढली होती. ती दोन्ही त्यांनी आराखड्यावर लाल पेन्सिलीने गोल करून ठेवली होती.

"टेप," ते म्हणाले. माझं ऑफिसातलं नाव टेप, कारण मोजायची टेप माझ्या खिशात कायम. "हे वजन रोज उडणार. विमान भंगारात जाईपर्यंत उडणार. आणि त्याचं तिकीट कोणी काढणार नाही."

"काका, एकदा बसून तर बघू. माझ्या माहितीतल्या सगळ्यात बुटक्या कॅप्टनला आणते. तिला उशीशिवाय जमलं तर रूळ राहील."

"नाही जमलं तर?"

"तर कापा."

"कोण आहे ही कॅप्टन?"

"माझी मावशी."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे वशिला."

"वशिल्याने पाय लांब होत नाहीत, काका."


जोडी बसणे

मावशीला तिच्या कंपनीत सगळे उशी कॅप्टन म्हणतात. समोर कॅप्टन, मागे उशी. निळी, टणक, माझ्या आईने शिवलेली. अभ्रे किती बदलले देव जाणे, आतला फोम तोच. माझी आई म्हणते, माझ्या बहिणीची जोडी नवऱ्याशी बसली त्याहून जास्त या उशीशी बसली.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. विमान धावपट्टीवरून उचलताना एका बाजूचं इंजिन बंद पडलं, तर नाक त्याच बाजूला वळू लागतं. मग दुसऱ्या बाजूचा पाय पेडलवर तळापर्यंत दाबायचा आणि दाबून धरायचा. पाय तळापर्यंत गेलाच नाही, तर बाकी सगळं येत असून उपयोग नाही. मावशी कंबर पुढे सरकवून बसायची, मागे राहिलेल्या पोकळीत उशी कोंबायची, आणि असा पाय पुरवायची. उभी नोकरी तिने अशी केली.

आमच्या चाचणीच्या शेडच्या दारात ती आली ती उशी काखोटीला मारूनच.

"मावशी, उशीशिवाय बसायचंय तुला. सांगितलं होतं ना फोनवर?"

"सांगितलं होतंस. पण मग तिला घरी एकटीला ठेवू?"

वजनकाका पुढे आले. "नमस्कार कॅप्टन."

"नमस्कार. तुम्हीच का ते, माझ्या भाचीला रडवणारे?"

"मी फक्त वजन करतो."

"माझं करू नका म्हणजे झालं."


हात बसणे

आमचं कॉकपिट म्हणजे शेडच्या मधोमध ठेवलेलं विमानाचं नुसतं नाक. बाहेरून प्लायवूड, मागून उघडं, शाळेच्या नाटकातल्या घरासारखं. आत मात्र सगळं खरं: खुर्च्या खऱ्या, दांडे खरे, पडदे खरे.

मावशीने उशी माझ्याकडे दिली आणि डाव्या खुर्चीत चढली. चढताना खुर्ची बाजूला सरकून तिला वाट देते, हे तिला ठाऊक नव्हतं. "अगं बाई, ही तर उठून जागा देते!"

मग तिने डोळे मिटले.

मी बाहेर टेबलापाशी होते. तिथून मला तिचे हात दिसत होते. उजवा हात पुढे गेला, जराही न चाचपडता एका दांड्यावर पडला. त्याची मूठ छोट्या चाकासारखी. "चाकं." हात मागे आला, मधल्या ओट्यावर. इथली मूठ चपटी, पंखाच्या मागच्या पट्टीसारखी. "फ्लॅप." अंधार असो, धूर असो, बोटांना नुसत्या आकारावरून कळावं म्हणून ते आकार तसे. हे जुन्या विमानांतही असतं. पण आमच्याकडे दोन मुठींतलं अंतर, त्यांचा खरखरीतपणा, दाबायला लागणारा जोर, यावर माणसांनी वर्षं घातली आहेत.

"हे कोणी केलंय?"

"आमच्याकडची एक जण. दोन वर्षं नुसत्या मुठी करत होती."

"तिला सांग, एक म्हातारी तिच्या मुठी कुरवाळत बसली होती."

तिने डोळे उघडले, मान वर केली. डोक्यावर बटणांची रांगच्या रांग, आणि एकही दिवा लागलेला नाही. बिघाड झाला तरच उजेड, नाहीतर काळोख.

"गप्प आहे म्हणजे सुखात आहे," मावशी म्हणाली. "माणसांचं बरोबर उलटं."

पूर्वी एका बटणासाठी तिला पट्टा सोडून उठावं लागायचं. ते आता हाताशी आलं होतं. आकडे मोठे, रंग कमी. सूर्य कोणत्याही बाजूने आला तरी पडदा वाचता यावा, म्हणून पडद्यांना किंचित कल दिलेला. ती एकेकापाशी थांबत होती, दागिन्यांच्या दुकानात थांबावं तशी, विकत घ्यायचं नसताना.

"आणि हा गोल खड्डा?"

"कप ठेवायला."

"चहाला जागा! शेवटी सुधारलात गं बाई तुम्ही लोक."

वजनकाकांनी कपाच्या खड्ड्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी चटकन विषय बदलला.


धक्का बसणे

चाचणी साधी. तीन गोष्टी एकाच वेळी जमल्या पाहिजेत.

डोळे: समोरच्या काचेमधल्या खांबावर छोट्या गोळ्या आहेत. पांढऱ्या गोळीने पलीकडच्या तांबडीला बरोबर झाकलं, की तुमचे डोळे जिथे असायला हवेत तिथे आहेत. तिथूनच आतलं आणि बाहेरचं सगळं नीट दिसतं.

पाय: पेडल तळापर्यंत, आणि मी सांगेपर्यंत धरलेलं.

पाठ: खुर्चीला टेकलेली. टेकू नसेल तर जोर पायात उतरत नाही, माणूसच मागे ढकलला जातो. पाठ टेकली की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो.

"गोळी?"

"झाकली."

"दाब."

पेडल तळाला गेलं. दिवा विझलेला.

"धर..."

तिचा गुडघा थरथरला. ती मागे ढकलली गेली. दिवा लागला आणि पेडल सुटलं.

"पुन्हा करू," मी म्हणाले.

पुन्हा तेच. पेडल धरलं की दिवा नाही, दिवा लागला की पेडल नाही. तिसऱ्यांदा मावशीने खालचा ओठ दाताखाली धरून दाबलं. तिसऱ्यांदाही सुटलं.

"दिव्यातच काहीतरी असेल," मी म्हणाले.

वजनकाका आत गेले, उजव्या खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला. तिचा दिवा लागला. मग डावीच्या पाठीशी, मावशीच्या खांद्यामागून हात घालून दाबलं. तोही लागला.

"दिवा ठीक आहे, टेप."

ते हे वाईट आवाजात म्हणाले असते तर बरं झालं असतं.


गप्प बसणे

आम्ही तिघंही.


जागच्या जागी बसणे

"आखूड ते आखूडच," मावशी शेवटी म्हणाली. तिने पाय पेडलांवरून काढून घेतले होते. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. चार बोटं तू दिलीस, देवाने सहा कापली असतील. आण माझी उशी. कंबर मोडली."

ती समोरच बघत होती. मागे नुसता हात केलेला.

मी आत गेले. खुर्चीच्या मागून वाकले आणि उशी तिच्या पाठीमागे सरकवली.

उशी अलगद आत गेली.

मी ती पुन्हा बाहेर काढली.

"काय गं?"

"हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

पुन्हा सरकवली. पुन्हा तशीच गेली, खणात पुस्तक जावं तशी. मावशी तसूभरही पुढे झाली नव्हती. व्हायची गरजच नव्हती. पाय पेडलांवर नसतानाही तिची कंबर पुढे होती, पाठ हवेत होती, आणि मागे बरोबर एका उशीची पोकळी होती.

मी उशी काढून घेतली आणि खाली वाकून रूळ पाहिला. चढल्यावर तिने पेडलं स्वतःच सरकवून घेतली होती, आणि ती जुन्या विमानातल्या हद्दीपाशीच थांबवली होती. माझी चार बोटं रुळावर कोरीच्या कोरी पडून होती.

"मावशी, तू उशीला जागा सोडून बसली आहेस."

"कोण, मी?" तिने हात मागे नेला, पोकळीत फिरवला. हात तिथेच राहिला. "अगो बाई."

"सरक मागे."

"मागे सरकलं की पाय सुटतात."

"सुटू दे."

"तुला सोपं आहे म्हणायला! लांबटांगी, बापावर गेलेली." तिचा आवाज अचानक चढला. "पाय सुटला की काय होतं, मला माहीत आहे. परीक्षेत पहिल्यांदा सुटला, तेव्हा परीक्षक म्हणाला, बाई, तुम्ही प्रवाशांच्या बाजूला छान दिसाल. त्यानंतर मी कधी मागे सरकले नाही."


विश्वास बसणे

"पेडल येईल," मी म्हणाले.

"येईल! पेडल म्हणजे काय पाहुणा आहे?"

"तू बस, ते येईल. मी इथेच आहे."

वजनकाका कॉकपिटच्या मागच्या उघड्या बाजूला उभे होते. त्यांची लाल पेन्सिल खिशात गेलेली मी पाहिली.

मावशीने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि कंबर मागे नेली. थोडी. मग आणखी थोडी. पाय लोंबकळले. त्या क्षणी ती एखाद्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत चढून बसलेल्या मुलीसारखी दिसली, आणि तिला ते कळलं, कारण कान लाल झाले.

पाठ टेकली. बाहेर टेबलावर हिरवं.

मी पेडलांचं बटण दाबून धरलं. मोटर घुमली. पेडलं निघाली, जुनी हद्द आली, थांबली नाहीत.

एक बोट.

दोन.

तीन.

"आलं गं," मावशी म्हणाली, अगदी हळू. "तळव्याला लागलं."

"गोळी?"

"झाकलेली आहे."

"दाब."

पेडल तळाला गेलं. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. दिवा हिरवाच. गुडघा स्थिर. कॉकपिटमध्ये नुसता तिच्या श्वासाचा आवाज, तोही घाईचा नाही.

"धरा कॅप्टन," वजनकाका म्हणाले. "धरा... धरा..."

"धरलंय हो! रात्रीपर्यंत धरू का?"

"सोडा."

तिने सोडलं. मग कोणी न सांगता दुसरा पाय दाबला. मग पुन्हा पहिला. नव्या चपला घालून घरातल्या घरात फिरावं, तशी ती दाबत राहिली. तीन बोटं लागली होती. चौथं तिच्याहून बुटक्या कुणासाठी शिल्लक होतं.


बसवणे

वजनकाकांनी माझ्या हातातली उशी घेतली. तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केली, डोळे बारीक करून. तराजूची त्यांना गरज पडत नाही.

"रूळ आणि मोटर मिळून हिच्यापेक्षा जड आहेत," ते म्हणाले.

"हो."

"बऱ्याच जड."

"हो, काका."

त्यांनी उशी मला परत दिली. तिचा अभ्रा आधी सारखा केला, मग दिली. "बसवा रूळ. मी दुसरीकडे कुठेतरी शोधतो वजन. तो कपाचा खड्डा आहे ना, त्याला उगाच धातूची कड..."

"कपाला हात लावाल तर बघा!" आतून आवाज आला.

काका हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते, आणि त्यांनी तेही मोजूनमापूनच केलं. मग ते गेले.

मी टेबलावरची यंत्रं बंद केली, दिवा सोडून. खुर्चीजवळ गेले.

"मावशी, झालं. आपण पास. उठ, चहा पिऊ."

तिने मान मागे टेकवली होती. हात खुर्चीच्या हातांवर सैल पडलेले. उशी माझ्या काखेत होती आणि तिने ती मागितली नाही.

"बसू दे गं," ती म्हणाली.