हिरव्या दरवाज्यामागे कोण होतं

सकाळी अकरा वाजता ग्रंथालयाचं सभागृह उघडलं. थोड्याच वेळात एक म्हातारे गृहस्थ काखेत कापडी गाठोडं घेऊन माझ्या पाठीमागे गेले आणि तिथेच थांबले. त्यांची नात माझ्या पुढच्या बाजूला उभी आहे. तिच्यामागे गर्दी जमली आहे. आत्तापर्यंत घडलं आहे ते एवढंच.

मित्रांनो, मी दरवाजा आहे. जुना, हिरवा आणि अंगाने जरा जाड. पण मला स्वतःचं घर असं कधी नव्हतंच. माझा जन्म एका टीव्ही स्टुडिओच्या सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. सुताराने मुद्दाम हलकं लाकूड निवडलं, कारण मला सारखं इकडून तिकडे उचलून न्यायचं होतं. घरच्या दरवाज्याला चोर, वारा आणि पाहुणे सांभाळावे लागतात. मला फक्त कॅमेऱ्यासमोर उघडायचं आणि मिटायचं होतं. माझ्यामागे कधीच खोली नसे. तिथे वायरींची भेंडोळी, एक डगमगता पंखा आणि चहाचे रिकामे पेले पडलेले असत. समोरून बघणाऱ्याला मात्र माझ्यामागे काहीही असू शकत होतं. माझं सगळं नाव झालं ते त्या ‘काहीही’मुळे.

आमच्या मालिकेचं नाव होतं ‘उंबऱ्यापलीकडे’. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि दर वेळी नवीन गोष्ट. कधी भुताची, कधी बिघडलेल्या यंत्राची, कधी दूरच्या ग्रहाची. माणसं नवी, जागा नवी, काळही नवा. एका भागात समुद्राने सगळी शहरं गिळली आणि पुढच्या आठवड्यात तीच शहरं कोरडी ठणठणीत, जसं काही घडलंच नाही. एका गोष्टीत मेलेला नट पुढच्याच गोष्टीत दंतवैद्य होऊन लोकांचे दात काढायला हजर. कायम राहिलो तो मी. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मला एकदा उघडणारच, अशी दिग्दर्शकांची पद्धत होती. बघणाऱ्यांना ती हळूहळू कळली. मी पडद्यावर दिसलो की घरोघरी गप्पा थांबत, असं ऐकून आहे.

हे सगळं मला रंगारीकाकूंकडून कळायचं. गोष्ट बदलली की काकू मला नवा रंग देत आणि रंगवता रंगवता बोलत.

“आमच्या सासूबाई बोटांच्या फटीतून बघतात,” त्या एकदा कॅमेरामनला सांगत होत्या. “मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर बघता कशाला? तर म्हणतात, माझ्या बाकीच्या काळज्यांना कुठे शेवट असतो? ही एकच भीती अशी आहे, की अर्ध्या तासात संपते. मग मी उठते, दिवा लावते आणि पोटभर जेवते.”

“सासूबाईंना सांगा, पुढच्या भागात दिवाच लागणार नाही!”

“नका हो, माझ्याच उशाशी येऊन बसतील.”

इतकी वर्षं मी या गोष्टींत होतो, पण लोकांना त्या का आवडतात हे सासूबाईंइतकं नीट मला कुणी सांगितलेलं नाही.

काकू मला अंतराळयानासाठी चंदेरी करत, दवाखान्यासाठी पांढरं, तळघरासाठी काळपट. जुना रंग खरवडायला मात्र कुणालाच वेळ नसे. एकावर एक थर चढत गेले.

“काकू, याला एकदा खरवडून घ्या,” सुतार म्हणायचा. “अंग धरतोय हा.”

“अंग तुम्हीसुद्धा धरलंय. तुम्हाला कुणी खरवडतं का?”

त्यावर सुतार हसून निघून जाई आणि काकू ब्रश बुडवत.

आता शिंपीदादांबद्दल सांगितलं पाहिजे. आज माझ्यामागे उभे आहेत ते हेच. त्यांचं कपड्यांचं दुकान बंद पडलं, तेव्हा दिग्दर्शकांनी त्यांना मालिकेत आणलं. काम होतं भुतं आणि राक्षस शिवण्याचं. शिवलेलं अंगात घालून उभंही तेच राहत, कारण ते कुठे आवळतं आणि कुठे टोचतं हे त्यांनाच ठाऊक. दादा मन लावून शिवत. पण दिग्दर्शकांचा एक हट्ट होता. राक्षस पूर्ण दाखवायचा नाही. एक पंजा दाखवायचा, नाहीतर शेपटीचं टोक.

“साहेब, मी सबंध प्राणी शिवतो आणि तुम्ही त्याचं नखच दाखवता,” दादा कुरकुरायचे. “घरी मुलगी विचारते, बाबा, तुम्ही कुठे होता? तिला काय सांगू, ते नख मी होतो म्हणून?”

शेवटी दिग्दर्शकांनी शब्द दिला. पुढच्या गोष्टीत राक्षस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. दादांना दुसरं काही नकोच होतं.

ती गोष्ट अशी होती. एकटी राहणारी एक बाई फिरत्या विक्रेत्याकडून एक यंत्र घेते. ते यंत्र हरवलेल्या वस्तू परत आणतं. आधी किल्ली येते, मग छत्री, मग जुनी अंगठी. आणि एके दिवशी स्वयंपाकघराच्या बंद दरवाज्यामागे काहीतरी येऊन उभं राहतं. आपलं ते काय हरवलं होतं, हे त्या बाईलाही माहीत नसतं. ती दरवाजा उघडते आणि राक्षस दिसतो. गोष्ट समाप्त.

दादांनी जीव ओतून प्राणी शिवला. कातडी जुन्या रेनकोटांची. मान सायकलच्या ट्यूबांची. नखं दोऱ्याच्या लाकडी रिळांची. आणि डोळे म्हणजे शर्टाची शेकडो बटणं, एकासारखं दुसरं नाही. दिवा पडला की ती सगळी एकदम बघत. मी बरेच राक्षस जवळून पाहिले आहेत. इतका सुंदर त्यांच्यात एकही नव्हता.

मुख्य काम करणाऱ्या अभिनेत्रीला सगळे ताई म्हणत. ताईंना त्या दिवशी लवकर निघायचं होतं, म्हणून चित्रीकरण अलीकडे ओढलं गेलं. मला तर अजून हिरवा रंग लागायचा होता. काकूंनी जेवणाच्या सुट्टीत मला रंगवलं, चौकटही रंगवली.

“सुकला का?” दिग्दर्शकांनी विचारलं.

काकूंनी बोट टेकवून पाहिलं. “वरून सुकलाय.”

वरून सुकलेला रंग आतून ओला असतो, हे काकूंना कळत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे सगळंच वरून सुकल्यावर चालायचं. मला बंद केलं. दादा प्राण्याच्या आत शिरून माझ्यामागे उभे राहिले. माझ्यावर दिवे लावले. दिव्यांच्या उष्णतेने माझे थर मऊ झाले आणि मी चौकटीला घट्ट चिकटलो.

कॅमेरा सुरू झाला. ताई आल्या. त्यांनी मूठ धरून ओढली. मी हललो नाही. पुन्हा ओढली. आतून दादांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. प्राण्याचा जबडा शिवलेला होता, आतून बोलता येईना. म्हणून ते रिळांच्या नखांनी माझ्यावर टकटक करू लागले. त्यात एक दबलेलं हुंकारणं मिसळलं. त्याला राक्षसाचा आवाज म्हणता आलं नसतं. उकाड्याने हैराण झालेला एक माणूस आतून बोलावत होता.

ताईंनी मूठ सोडली. कपाळ माझ्यावर टेकवलं. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “असू दे. तू तिथेच बरा आहेस.”

आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

‘कट’ म्हणायचं दिग्दर्शकांना सुचलंच नाही. कॅमेरामनने रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. मग सुताराने पटाशी घालून मला चौकटीपासून सोडवलं. त्या पटाशीची खाच अजून माझ्या कडेला आहे. दादा घामाने निथळत बाहेर आले. डोकं काढून काखेत धरलं आणि पहिलं वाक्य बोलले.

“मी दिसलो का?”

कॅमेरामन संपलेलं रीळ काढू लागला.

“परत घ्या ना. आता उघडतोय तो.”

“दादा,” दिग्दर्शक म्हणाले, “आत्ता जे झालं ना, ते मला पुन्हा जमणार नाही. तू दिसला नाहीस म्हणूनच...”

“म्हणजे नाही दिसलो,” दादा म्हणाले.

तो भाग तसाच दाखवला गेला. पुढच्या आठवड्यात स्टुडिओत पोरांच्या चित्रांच्या थैल्या येऊ लागल्या. दरवाज्यामागे काय होतं, ते ज्याने त्याने आपापल्या मनाने काढलं होतं. कुणी आठ पायांचा शिक्षक काढला, कुणी काळी विहीर, कुणी हरवलेलं मांजर, पण घराएवढं. काकूंनी ती माझ्यावरच टाचली. माझं इतकं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. दादा रोज येऊन एकेक चित्र बघत. मला ते नंतर कळलं. ते बटणांच्या डोळ्यांचा प्राणी शोधत होते. तो एकाही चित्रात नव्हता.

दिग्दर्शकांनी सगळ्यांना बजावलं. आत काय होतं, हे कुणी कुणाला सांगायचं नाही.

“सांगणार नाही,” दादा म्हणाले. “पण एक दिवस उघडा. माझ्यासाठी.”

“एक दिवस उघडू,” दिग्दर्शक म्हणाले.

मालिका पुढे बरीच वर्षं चालली. त्या भागानंतर मला पुन्हा कुणी रंगवलं नाही. लोक मला हिरवा म्हणूनच ओळखू लागले होते. मग मालिका संपली. दिग्दर्शक वारले. मी गोदामात एका मोडक्या अंतराळयानाला टेकून पडलो. धूळ बसली, बिजागऱ्या गंजल्या, माझ्या खालच्या फळीत उंदरांनी संसार थाटला. पण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मनात त्या चित्रांची मोठी गर्दी होती. वेळ छान जायचा.

मागच्या महिन्यात या ग्रंथालयाने जुन्या मालिकांचं प्रदर्शन ठरवलं. ग्रंथपालबाईंनी मला पुसलं, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि या सभागृहात चौकटीसकट उभं केलं. समोर पाटी लावली, ‘उघडू नये’. मित्रांनो, तेलाच्या दोन थेंबांनी जुन्या वस्तूला किती बरं वाटतं, हे तुम्ही घरी करून पाहा. आणि कशालाही रंग देण्याआधी जुना रंग खरवडा, नवा आतपर्यंत सुकू द्या. घाईत रंगवलेला दरवाजा कुणाला आत अडकवेल, सांगता येत नाही.

आज सकाळचं आता पुरं सांगतो. दादा, म्हणजे आता आजोबा, नातीचा हात धरून आले.

“बाई, मला याच्यामागे उभं राहायचंय.”

“आजोबा, मागे काही नाही. भिंत आहे आणि झाडू.”

“झाडू मी बाजूला घेतो.”

मग त्यांनी दिग्दर्शकांनी दिलेला शब्द बाईंना सांगितला आणि गाठोड्याची एक गाठ सोडून आतला प्राणी बघायला सांगितलं. बाईंनी डोळे गच्च मिटले.

“थांबा! मला दाखवू नका. मी लहान असताना चित्र पाठवलं होतं. दरवाज्यामागे माझी आजी होती. ती गेल्यावर सगळे मला विसर म्हणायचे. मी तिला तिथे उभी केली, हातात माझी हरवलेली चप्पल घेऊन. अजून कधी कधी आठवते तशी.”

आजोबा गाठ पुन्हा मारू लागले. ती त्यांच्याकडून पहिल्या झटक्यात बसली नाही.

“नाही, तुम्ही उघडा,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला शब्द दिला होता ना? मी पाटी काढते. फक्त मी तिकडे तोंड करून उभी राहीन.”

“आजोबा, उघडल्यावर बाईंची आजी कुठे जाईल?” नातीने विचारलं.

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मला माहीत नाही गं.”

त्यांचं ठरलं आहे ते असं. आजोबांनी आतून तीनदा टकटक करायची. तिसरी झाली की नातीने मूठ फिरवायची. नाही झाली, तर नाही.

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या आहेत. गर्दीतली काही पोरं “उघड, उघड” म्हणताहेत आणि त्यांचे आईबाप त्यांना गप्प करताहेत. नातीचा हात माझ्या मुठीवर आहे. तो गरम आहे. माझ्या पाठीमागे आजोबांनी प्राण्याचं डोकं चढवलं आहे. एक बटण सुटून दोऱ्याला लोंबतंय, बाकीची सगळी जागेवर आहेत. खिडकीतून आलेला उजेड त्यांच्यावर पडला आहे आणि ती सगळी माझ्याकडे बघत आहेत. आज मी चिकटलेलो नाही. मूठ फिरली तर आवाजही न करता उघडेन.

पहिली टकटक झाली. रिळांचा आवाज तोच आहे.

बाईंनी खिडकीचा गज धरला.

दुसरी झाली.

आजोबांचा हात वर उचललेला आहे. तिसरी अजून झालेली नाही.