तिळीचा डावा कान

कुकरचं बटण टक्कन वर आलं आणि यी-ज्वान दचकली. लेक आन-ची आत झोपली होती. दुपारच्या या पाऊण तासातच काय ते घर गप्प असायचं. टेबलावर शेजारच्या लो आजींनी सकाळी ठेवलेला अर्ज तसाच पडला होता: बागेतल्या जपानी मंडळींना काम बंद करायला सांगावं.

ती सहा जणं महिन्यापूर्वी जपानहून आली. बाकं रंगवली, तुंबलेलं गटार उपसलं, झाडं लावली. भटकी मांजरं पिंजऱ्यात धरून न्यायची आणि नसबंदी करून, खूण म्हणून कानाचं टोक कापून परत सोडायची. एक पैसा घेत नव्हती, आणि गल्लीला तेच खुपत होतं. त्यांच्या गाडीला पडदे का? वहीत प्रत्येक मांजराचा फोटो कशाला? यी-ज्वान आधी हसण्यावारी न्यायची. पण चार दिवसांपूर्वी तिळी परत आली आणि तिच्याही मनात पाल चुकचुकली.

काळीभोर मांजर तिळी दोन वर्षं तिच्याच हातचं खात होती. गेल्या वर्षी पिल्लंही झाली होती तिला. आणि परत आलेल्या मांजराचा डावा कान टोकाला कापलेला.

दारात चपला वाजल्या. लो आजी.

"बाळ झोपलंय ना? मग हळू बोलते," म्हणत त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. "मारलास शिक्का?"

"आजी, नक्की ती तिळी नसेलच का?"

"अगं, दोन वर्षं पोसलीस ना तिला? नसबंदीची खूण बोक्याच्या डाव्या कानाला, मांजरीच्या उजव्या. हात बघणारासुद्धा पुरुषाचा डावा मागतो, बाईचा उजवा. मग हा डाव्या कानाचा कोण आला?"

"दुसरं कुणीतरी."

"आणि आपली कुठं गेली? गोड बोलणारी माणसं असतात ही. नुसती वाकतात." आजींनी अर्ज पुढे सरकवला. "मांजरांना खाऊ तू घालायचीस. तुझा शिक्का असला की वॉर्डप्रमुख मुकाट्यानं ऐकेल."

यी-ज्वानने खणातून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. आजी कागद फुंकत फुंकत स्कूटरकडे गेल्या.

आन-ची उठल्यावर दोघी सुकी मासळी घेऊन बागेत गेल्या. नव्या बाकाखाली ते काळं मांजर बसलं होतं.

"तिळी," आन-ची म्हणाली.

"ती नाही गं ही. कान बघ."

"तिळीच आहे."

पोरीने मासळी टाकली. मांजराने त्यातली एक दातात धरली, पाण्याच्या वाटीपाशी नेली, पंजाने आत बुडवली आणि मग खाल्ली. बागेतलं दुसरं कुठलंच मांजर असं करत नव्हतं. ही खोड तिळीची.

पलीकडे रोपांना पाणी घालत होती जपानी मंडळींतली जनावरांची डॉक्टरीण, चिहारू. यी-ज्वान तिच्यापाशी गेली आणि कानाकडे बोट दाखवलं.

"ही मादी ना? मग डावा का?"

"मादी, म्हणून डावा," चिहारू अडखळत म्हणाली. "आमच्याकडे नर उजवा."

"इथे उलटं असतं."

चिहारूच्या हातातली झारी खाली आली. तिने वही उघडली. पानं उलटताना तिचे ओठ हलत होते.

"मला कुणी... मीच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "अशी अकरा मांजरं झाली."

मग ती कमरेत वाकली आणि वर यायचं नावच घेईना. चार दिवस या लोकांवर संशय घेतला. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारता आला असता. यी-ज्वानच्या अंगठ्याला अजून लाल शाई होती. खिशात फोन थरथरला. लो आजींचा निरोप: दिला अर्ज. तुझा शिक्का पाहून लगेच ऐकलं. उद्यापासून त्यांचं काम बंद.

ती बाकावर बसली. तिळी तिच्या पोटरीला अंग घासून गेली. आन-ची शेजारी येऊन टेकली.

"तू ओळखलं नाहीस ना तिला?"

"नाही."

पोरीने स्वतःचा डावा कान मुठीत धरला.

"आई, माझा कान कापला तर तू मला ओळखशील?"