तांब्याच्या पात्रातली चमक

शरदाचं सोनसळी ऊन डोंगरमाथ्यावरून ओघळत आलं आणि जुन्या खाणीच्या तोंडाशी थबकलं. त्याखाली उतरायची प्रकाशाची छाती नव्हती. उतरत होती ती एकटी वारुणी. काळोखाखाली काळोख, आणि त्याच्या तळाशी, शिशाच्या भिंतींआड, निद्रिस्त तांब्याचं पात्र.

त्या पात्रातल्या स्फटिकांत कधीतरी एखादा अणू सृष्टीचा नियम मोडून फुटेल, क्षणभर चमकेल. एवढ्याचसाठी ही पाषाणगर्भातली तपश्चर्या. वारुणीच्या गुरूंनी, तामणकर सरांनी, ती मांडली, उभा जन्म वाट पाहिली, आणि श्रावणात ते गेले. चमक काही आली नाही.

दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा जागं झालं, आणि आता ती येत होती.

नीरव, निश्चल, निर्मनुष्य त्या विवरात पडद्यावर एक हिरवी ठिणगी. मग स्तब्धता. मग पुन्हा एक. बंद दारावर आतून कुणी बोटाने टकटक करावी तशी.

"वारुणी, अगं हेच ते!" वरच्या कचेरीतून सहकारी नलिनाक्षचा आवाज फोनवर थरथरला. "सरांच्या जन्माचं सोनं झालं! कळवू या ना जगाला?"

"थांब," ती म्हणाली. "जरा थांब रे."

कारण अंधारातून सरांचंच वाक्य तिच्या कानाशी आलं होतं : हवं तेच दिसलं, की आधी आपले हात तपास.

तिने हात पाहिले. उजवा अंगठा पाहिला, आणि तिला आठवलं.

सरांच्या अस्थी सावडून ती थेट इथे आली होती. पात्र दुरुस्तीसाठी उघडंच होतं. झाकण लावताना, कपाळी अंगारा लावावा तसा, त्यांच्या राखेचा अंगठा तिने आत टेकवला होता. "सर, तुम्ही आत बसा. चमक आली, की आधी तुम्हाला दिसेल." सगळं शिकलेलं त्या क्षणी पाण्यात गेलं होतं. राखेत पोटॅशियम असतं. तेही फुटतं, मंद मंद, युगानुयुगं, आणि पडद्यावर तशीच ठिणगी उमटवतं.

म्हणजे आतून टकटक करत होते ते सरच.

तिने यंत्र थांबवलं, झाकण उघडलं, ओलं फडकं पुढे केलं, आणि हात जागीच गोठला. पुसलं, तर सर दुसऱ्यांदा जाणार. न पुसलं, तर त्यांचा उभा जन्म खोटा ठरणार. ती हमसून हमसून रडली. मग तिने पुसलं.

पात्र मिटलं. शिशाच्या भिंती मिटल्या. पडदा पुन्हा काळा, निष्कलंक काळा. वारुणी त्याच्यासमोर बसून राहिली. मांडीवर फडकं, फडक्यावर करडा डाग, आणि त्या डागात, कुणालाही न दिसता, एकेक कण फुटत होता, मंद, मंद, मंद.