पाणी काढून घेतलेली गढी

मित्रांनो, मी एक जुनी गढी आहे. जर्मनीतल्या वेस्टफालियात, दलदलीत चारी बाजूंनी खंदक खणून मला उभं केलं. माझे दगड सगळ्यांना दिसतात, पण मी उभी आहे ती चिखलात ठोकलेल्या ओकच्या खांबांवर. हे लाकूड पाण्याखाली असलं की पिढ्यान्‌पिढ्या टिकतं; हवा लागली की कुजतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. लोक म्हणतात, खंदक शत्रूसाठी असतो. छे! शत्रू कधीतरी येतो, पाणी मला रोज लागतं.

लढाया झाल्या, छप्पर जळलं, नवं चढलं. पाहुणे पुलावर थांबून माझं पाण्यातलं रूप बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुढे क्लेमेन्स मालक झाला. त्याची बायको आन्टोनिया आणि एकुलती एक लेक यूटा. पोरगी म्हणजे नुसतं वारं!

आमच्याकडे नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत धुणं काढत नाहीत. त्या दिवसांत दोरीवर चादर दिसली, तर वर्षाच्या आत घरातून मढं निघतं म्हणे. आन्टोनिया हे काटेकोर पाळायची. मग सण सरला की कपड्यांचा हा डोंगर! त्या वर्षीही धुणीघरात हंडे चढले. कपडे धुतलेलं राखेचं उकळतं पाणी दिवसभर मोरीतून गोठलेल्या खंदकात, बर्फाखाली जात राहिलं.

"आई, बर्फावर जाऊ?" यूटानं विचारलं. पायात स्केट्स आधीच बांधलेले.

"जा बाई, इथं पायात घोटाळू नकोस. अंधाराआधी ये म्हणजे झालं."

बर्फ वरून पांढराशुभ्र होता, खालून झिजलेला. मोरीसमोर तो पोरीच्या पायाखाली फुटला. बायका ओल्या चादरी टाकून धावल्या. यूटाला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

आन्टोनियानं खंदकाकडचे सगळे पडदे ओढून घेतले. थंडी सरल्यावर एका दुपारी तिनं नवऱ्याची वाट अडवली.

"खरं सांगा. माझ्यामुळेच गेली ना ती?"

क्लेमेन्सनं ओढलेल्या पडद्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुला पाणी बघवत नाही ना? काढून टाकतो."

"अहो, मी काय विचारतेय?"

"काढतो म्हटलं ना! उद्याच."

दुसऱ्या दिवशी त्यानं खंदकाचं पाणी अडवणाऱ्या बांधाचं दार उघडायला लावलं. कारभारी बेर्न्ट हात जोडून म्हणाला, "मालक, गढी बसेल हो!"

"बसू दे."

मासे चिखलात तडफडून मेले. मी भयंकर घाबरले होते, पण माझं कोण ऐकणार? गावात मात्र मालकाचं कौतुक. "बायकोवर जीव बघा केवढा! आख्खी गढी ओवाळून टाकली."

खांब कुजू लागले. आधी दारं अडकायला लागली. मग भिंतीला भेग पडली, आधी बोट जाईल एवढी, नंतर मूठ जाईल एवढी. धुणीघर एका पावसाळी सकाळी कोसळलं. क्लेमेन्स तेव्हा म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला होता. आन्टोनिया त्याला सूप भरवत होती.

"गढी गेली गं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी घालवली."

तिनं चमचा खाली ठेवला. "गढी कुणी मागितली होती तुमच्याकडे? 'तुझी चूक नव्हती', एवढंच ऐकायचं होतं मला. अजूनही म्हणा. मी बसलेय."

ती खरंच बसून राहिली. सूप गार झालं. क्लेमेन्सनं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि त्याच आठवड्यात तो गेला. आन्टोनिया बहिणीकडे निघून गेली, ती परत आली नाही.

मला वाचवा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. माझे खांब गेले, आता पाणी सोडूनही काही व्हायचं नाही. पण तुमच्या घरात कुणी असं रडवेलं होऊन काही विचारलं, तर उठून भलत्याच कामाला लागू नका. जवळ बसा आणि उत्तर द्या. मला आन्टोनियाशी बोलता आलं असतं, तर 'तुझी चूक नव्हती' हे मी तिला केव्हाच सांगितलं असतं.