कुणाच्या घरातून आलं

माझ्या लेकीच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या माहेरची उलटतपासणी सुरू केली. मामा कशाने गेला, मावशी का लंगडायची, आजोबांच्या पाठीला बाक कशाचा होता? "आमच्याकडे सगळ्यांची हाडं दगडासारखी," असं त्या भेटायला येईल त्याला ऐकवत. माझा नवरा वायरमन. लोकांच्या घरात उजेड पाडणारा हा माणूस आईसमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसे.

म्हणून तपासणीचा निकाल ऐकायला मी सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. लेक वाचावी, आणि या बाईचं तोंड एकदाचं बंद व्हावं.

लेकीला आम्ही खारू म्हणतो. तिला पडद्यामागच्या तपासणीच्या खाटेवर मोबाइल देऊन बसवलं. कार्टूनचा किलबिलाट सुरू झाला.

डॉक्टरीणबाई सरळ मुद्द्यावर आल्या. "एका पेशीत दोन जनुकं तुटली आणि भलतीच जोडली गेली. एकाचं पुढचं अर्धं, दुसऱ्याचं मागचं. त्यातून जे प्रथिन बनतं, ते शरीरात असायलाच नको. त्याचं एक अर्धं डीएनएला धरून ठेवतं, दुसरं तिथली जनुकं चालू करतं."

"म्हणजे नको ते स्विच दाबतं," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

"त्याहून वाईट. जिथे स्विचच नव्हते, तिथे नवे बसवतं. झोपून राहायला हवीत ती जनुकं रात्रंदिवस चालू राहतात."

"मग तेवढी एक वायर कापा ना."

"तेवढीच कापणारं औषध अजून आमच्या हातात नाही. म्हणून केमो. मेन स्विचच बंद करायचा. त्यात चांगले दिवेही जातात."

नवरा आपल्या हातांकडे बघत राहिला. सासूबाईंना त्या वायरींशी काही देणंघेणं नव्हतं. "ते असू दे. पण हे आलं कुणाकडून? आईकडून की बापाकडून?"

मी खुर्चीत पुढे सरकले.

"कुणाकडूनच नाही. ही जोडणी जन्माबरोबर आलेली नाही. तिच्याच एका पेशीत नंतर घडलेली आहे. का घडली, ते कुणालाच सांगता येत नाही."

सुटले! अंगावरचं ओझं धाडकन उतरलं आणि माझी जीभही सुटली. "ऐकलंत ना, आई? माझ्या माहेरचं नाही. डॉक्टर, परत एकदा सांगा, यांना जरा कमी ऐकू येतं."

"तिच्यातच घडलंय," डॉक्टरीणबाई नाइलाजाने म्हणाल्या.

सासूबाईंनी नाक मुरडलं. मी जिंकल्यासारखी हसत मागे टेकले. तेव्हा लक्षात आलं, कार्टूनचा आवाज येत नव्हता. कधीपासून, कोण जाणे.

पडदा सरकला.

"आजी, आता आईला बोलू नकोस हं," खारू म्हणाली. "तिचं नाहीये ते. बाबांचं पण नाही. मीच केलंय."

डॉक्टरीणबाई घाईने उठून तिच्याकडे गेल्या. खरं तर मीच उठायला हवं होतं. पण मघाचं हसू अजून माझ्या तोंडावर तसंच होतं, आणि ते घेऊन तिच्यासमोर जायची मला लाज वाटली.

सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचं तोंड एकदाचं बंद झालं होतं.