एका घोटाचा खटला

आमच्या ह्यांच्यापुढे डोकं आपटून घ्यावं तेवढं थोडंच! सर्जेराव नाव, फौजेतून रिटायर झालेले, आणि इथे जयपूरला स्वतःची लायसन्सची बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभं राहायची नोकरी. बंदूक गेली की नोकरी गेली. आणि ती बंदूक एका फोटोपायी गेली.

झालं असं, की ह्यांच्या जोडीचा गार्ड अपघातात गेला. हे त्याच्या गावी भेटायला गेले. तिकडे दुःखाच्या घरी आलेल्याला घरातला मोठा माणूस अफूचं पाणी स्वतःच्या तळहातावर घेऊन पाजतो. नाही म्हटलं तर घराचा अपमान. गेलेल्या पोराच्या म्हाताऱ्या वडिलांनी, सगळे त्यांना बाबोसा म्हणतात, हात पुढे केला. ह्यांनी वाकून ओठ लावले. कुणी मेल्याने तेवढ्यात फोटो काढून मोबाइलवर फिरवला. पोलिसांनी लिहिलं, हा नशा करतो. लायसन्स रद्द.

आता खरी गंमत ऐका. ह्यांनी थेंबभरसुद्धा प्यायली नव्हती! दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी होती, म्हणून सगळी हनुवटीखाली धरलेल्या टॉवेलात गळू दिली. घरी येऊन मला सांगितलं, आणि वर बजावलं, कुठे बोलू नकोस.

विद्याधर नगरातली कस्तुरी आमची वकील. पोरगी हुशार. हायकोर्टात तिने थेट कायद्यालाच हात घातला. रोजचा अफूबाज आणि एकदा ओठ लावणारा, दोघांना एकच शिक्षा, हे घटनेतल्या समानतेत कसं बसतं, असं तिचं म्हणणं. पण कोर्ट कायदा रद्द करेल याची खात्री नाही, काका, म्हणाली. प्यायलोच नाही एवढं शपथेवर सांगा, लायसन्स तसंही परत मिळेल. हे ढिम्म. बाबोसांना कळेल, एवढंच म्हणत राहिले. मी भांडले, रडले, अबोला धरला. काही उपयोग नाही.

तारखेला बाबोसा स्वतः आले, ह्यांच्या बाजूने उभं राहायला, आणि मागच्या बाकावर बसले. जजसाहेबांनी कस्तुरीचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ ह्यांनाच विचारलं, त्या दिवशी प्यायलात का? नाही म्हणा, मी मनात म्हणत होते, दोन अक्षरं आहेत हो.

ह्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"प्यायलो, साहेब."

कस्तुरीने डोळे मिटून घेतले. एकदा असो की रोज, बंदूक बाळगणाऱ्याला कायदा अशी सूट देत नाही, आणि त्यात घटनेविरुद्ध काही नाही, असं म्हणून साहेबांनी अर्ज फेटाळला. माझ्या अंगाची नुसती आग झाली. आज ह्यांना सोडायचं नाही, असं ठरवूनच मी बाहेर आले.

पायऱ्यांवर बाबोसांनी मला गाठलं. गावात काही लोक म्हणतात, तुझ्या नवऱ्याने अफू खाली सांडली, हळू आवाजात ते हिंदीत म्हणाले. बेटी, माझ्या पोराच्या नावाचा घोट त्याने घेतला ना?

सगळं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. म्हाताऱ्याने उजवा तळहात माझ्यापुढे उघडला, त्या दिवशी ह्यांच्या ओठांपुढे धरलेला.

"घेतला, बाबोसा," मी म्हणाले. "घरी आले ते दिवसभर झोपूनच होते. मी किती बोलले त्यांना."